बेताच्या बजेटमधला कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

छायाचित्रणाचा छंद सुरू करायचा आहे, पण खर्च किती आणि कशावर करावा, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी आली आहेत. बहुतेक मुंबई-ठाण्याची आहेत, त्यामुळे दमट हवा, छोट्या खोल्या आणि फोर्टातली दुकानं यांचा विचार करूनच उत्तरं दिली आहेत.

माझ्याकडे कॅमेऱ्यासाठी पंचवीस हजार रुपये आहेत. दुकानदार म्हणतो, थोडे वर घाला आणि नवाच घ्या. मित्र म्हणतात, फोनच बरा. काय करू?
*— बँक कर्मचारी, डोंबिवली*

सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेस म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलं आहे. त्यामुळे चांगले चालते डीएसएलआर लोक विकायला काढतात आणि ते परवडणाऱ्या भावात मिळतात. निकॉनमध्ये डी३३०० किंवा डी५३००, कॅननमध्ये १३००डी, ७००डी किंवा जमल्यास २००डी, यांपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्या. मेगापिक्सेलचा हिशेब करत बसू नका. १३००डी चा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १८ मेगापिक्सेलचा आहे. त्यातल्या फोटोची १२ बाय १८ इंची प्रिंट काढली तरी दर इंचाला २८८ पिक्सेल मिळतात. भिंतीवर लावायला एवढे पुरे होतात.

पंचवीस हजार सगळे बॉडीत (म्हणजे लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्यात) घालू नका. बॉडी आणि तिच्यासोबत येणारी १८-५५ एमएमची ‘किट’ लेन्स मिळून पंधरा-सोळा हजारांच्या वर जाऊ नका. सहा-सात हजार दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला ठेवा (कुठली, ते पुढे एका उत्तरात आहे). उरलेल्यात ३२ जीबीची दोन कार्डं, एक जादा बॅटरी, हवेचा ब्लोअर आणि एक हवाबंद डबा. ६४ जीबीचं एकच कार्ड घेण्यापेक्षा ३२ ची दोन बरी, कारण एक बिघडलं तर निदान अर्धे फोटो हाती राहतात. नवा कॅमेरा घेतलात तर सगळे पैसे बॉडी आणि किट लेन्समध्येच संपतील आणि पुढचं वर्षभर दुसरी लेन्स घेता येणार नाही. फोटोत खरा फरक पडतो तो लेन्सने, बॉडीने नव्हे.

निकॉन घेणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं हवं. नुसतं ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लिहिलेली जुनी लेन्स स्वस्त मिळते, पण या बॉडींवर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. ‘एएफ-पी’ ही नवी मालिका डी३३०० आणि डी५३०० वर चालते, मात्र त्यासाठी कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत हवं. डी३२०० वर ती चालतच नाही. तिची फोकसची रिंगही विजेवर चालते, त्यामुळे हाताने फिरवूनही उपयोग होत नाही. कॅननच्या या श्रेणीत असा घोळ नाही. ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स बसतात आणि फोकस करतात.

बोराबाजारात सेकंडहँड कॅमेरे मिळतात असं ऐकलं. घेताना फसवणूक होऊ नये म्हणून नेमकं काय तपासायचं?
*— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुलुंड*

दिवसाउजेडी जा आणि वीस मिनिटं हातात ठेवून जा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा. त्या गल्लीत दुकानांची कमी नाही. सोबत स्वतःचं रिकामं एसडी कार्ड आणि टॉर्च असलेला फोन असू द्या.

आधी लेन्स बघा. ती कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. मग उलट करा. इथे बरेच जण एका गोष्टीला चुकतात. कॅननची लेन्स काढल्यावर तिचं प्रकाश आत घेणारं छिद्र पूर्ण उघडं असतं, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सचं छिद्र मात्र काढल्यावर मिटलेलं असतं. मागे धातूची एक छोटी पट्टी असते, ती बोटाने सरकवली की पाती उघडतात. ती न सरकवता पाहिलंत तर काचेच्या कडेची बुरशी दिसणारच नाही, आणि बुरशी बहुतेक वेळा कडेपासूनच सुरू होते. धुळीचे पाच-दहा कण दिसले तर हरकत नाही, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले तंतू दिसले, किंवा काच श्वास सोडलेल्या आरशासारखी धुरकट दिसली, तर ती लेन्स घेऊ नका. कितीही स्वस्त असली तरी नको.

आता बॉडी. स्वतःचं कार्ड घाला. कॅमेरा ए मोडवर (कॅननमध्ये एव्ही; यात छिद्र आपण ठरवायचं), छिद्र एफ/२२ म्हणजे अगदी बारीक, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००. लेन्सचा फोकस हातावर घेऊन मुद्दाम चुकवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. स्क्रीनवर मोठा करून सगळे कोपरे पाहा. करडे गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. रेघ किंवा ओरखडा दिसला तर कॅमेरा परत द्या. मग लेन्सचं झाकण लावून एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचा मोड) चार सेकंदांचा फोटो काढा. काळ्या फोटोत दोन-चार रंगीत टाचण्या दिसल्या तर चालतं, पण चांदण्यांनी भरलेलं आभाळ दिसलं तर नाही.

शटर किती वेळा उडालंय ते निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्येच नोंदलेलं असतं. फाइलची माहिती वाचणाऱ्या कुठल्याही मोफत अ‍ॅपमध्ये ‘शटर काउंट’ बघा. या श्रेणीतलं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं. वीस हजारांच्या आत असेल तर उत्तम, साठ हजारांच्या वर असेल तर भाव पाडा. कॅननच्या फोटोत ही नोंद सहसा मिळत नाही, तिथे खुणा बघाव्या लागतात. फ्लॅश बसवायच्या खोबणीचा रंग घासून पितळ दिसत असेल, तळाशी ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती ओरखडे असतील, पकडीचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर तो कॅमेरा लग्नांत राबलेला आहे. रबर चिकट होऊन फुगलं असेल तर तो दमट जागी पडून होता असं समजा आणि लेन्स पुन्हा एकदा टॉर्चने तपासा.

शेवटी सगळी बटणं आणि चाकं फिरवून बघा. वरचा फ्लॅश उघडून उडवा. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघा. लेन्स १८ वर आणि ५५ वर ठेवून दोन्हीकडे फोकस करून पाहा आणि मोटर कुरकुरतेय का ते ऐका. बॅटरी काढून टेबलावर सपाट ठेवा. डुगडुगली तर ती फुगलेली आहे. बॅटरीचा नंबरही बघा: निकॉन डी३३००, डी५३०० ला ईएन-ईएल१४, कॅनन १३००डी ला एलपी-ई१०, ७००डी ला एलपी-ई८, २००डी ला एलपी-ई१७. बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि आठवडाभरात बिघडल्यास परत घेण्याचं त्याच बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर समाधान मानू नका.

‘निफ्टी फिफ्टी’ घे म्हणून सगळे सांगतात, म्हणून कॅननची ५० एमएम एफ/१.८ घेतली. आता घरात मुलाचा फोटो काढायला गेलो की मागे भिंत लागते! लेन्स चुकली का?
*— वडील, लालबाग*

लेन्स उत्तम आहे, खोली लहान आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. दहा फुटी खोलीच्या एका भिंतीला पाठ टेकून समोरच्या भिंतीजवळ बसलेल्या मुलाकडे कॅमेरा धरलात, म्हणजे अंतर साधारण तीन मीटर, तर चौकटीत जेमतेम १.३ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. कॅमेरा उभा धरलात तर उंचीही तेवढीच. चार-सव्वाचार फूट. म्हणजे मूल मावेल, पण मुलाला घेऊन उभी असलेली आजी मावणार नाही.

हाच हिशेब २४ एमएम लेन्सला लावला तर तीन मीटरवर पावणेतीन मीटरचा पट्टा मिळतो. कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही चपटी, हलकी लेन्स मुंबईच्या घरांसाठी जणू मापानेच शिवलेली आहे. निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ/१.८जी घ्यावी, तिला तीन मीटरवर दोन मीटर मिळतात. निकॉनची ५० मात्र घरात घेऊ नका, तुमच्यासारखीच अडचण होईल.

तुमची ५० विकू नका. इमारतीच्या गच्चीवर, बागेत, कुणाच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा असेल तेव्हा तीच काढा. एफ/१.८ वर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो, म्हणून एफ/२.८ पासून सुरुवात करा आणि फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेवा.

दोन पावसाळे कपाटात ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी आली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेले पैसे लेन्सच्या किमतीएवढे आहेत. ती वाचेल का? आणि पुढे काय काळजी घ्यायची?
*— निवृत्त शिक्षिका, दादर*

किट लेन्स असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नका. आतली काच साफ करायला लेन्स पूर्ण उघडावी लागते, आणि परत जोडताना काचांची रेषा किंचित जरी हलली तरी फोटोची एक बाजू कायम धूसर येते. शिवाय बुरशी आम्ल सोडते. ते काचेवरच्या लेपात उतरलं असेल तर तंतू पुसले तरी त्यांचे ठसे राहतात. बुरशी सर्वांत पुढच्या काचेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर मात्र लेन्स क्लीनिंगचं द्रव मऊ कापडावर घेऊन हलकेच पुसा, निघून जाईल. द्रव थेट काचेवर ओतू नका, कडेने आत झिरपतं.

लेन्स उन्हात ठेवली की बुरशी मरते, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. उन्हातले अतिनील किरण बरेचसे पुढच्या काचांतच अडतात, आतलं वंगण मात्र तापून पातळ होतं आणि पात्यांवर पसरतं. झाकण काढलेली लेन्स उन्हात ठेवणं धोक्याचंही आहे. भिंगातून एकवटलेल्या उन्हाने कापड जळू शकतं.

आता काळजी. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते रोखता येत नाहीत. रोखायची ती ओल. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बंद कपाटात हवा हलत नाही. लेन्ससाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. तीसच्या खालीही जाऊ नका, रबर आणि वंगण सुकतं.

ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता कमी ठेवणारं कपाट) चांगलं असतं, पण महाग. त्याऐवजी हे करा. रबरी कडा आणि चारी बाजूंनी कड्या असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात पाव किलो सिलिका जेल, जुन्या सुती रुमालाच्या पुरचुंडीत. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, झाकणातून आकडा दिसेल असा. कॅमेरा आणि लेन्स त्यांच्या कातडी किंवा कापडी केसशिवाय ठेवायच्या. ती केसच ओल धरून ठेवते. पाव किलो जेल पावसाळ्यात किती दिवस टिकेल ते डबा किती वेळा उघडता त्यावर आहे. आकडा ५५ च्या वर गेला की जेल सुकवायची वेळ झाली.

जेल केशरी रंगाचं घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ नको. ओल शोषली की केशरीचा रंग उडतो किंवा ते हिरवट होतं. जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत पातळ थर पसरून मंद आचेवर हलवत राहा. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास. रंग परत आला की काचेच्या बरणीत बंद करून गार होऊ द्या आणि मगच डब्यात ठेवा. उघड्यावर गार केलंत तर पावसाळ्यात तेवढ्या वेळातच ते पुन्हा ओल पितं. गरम ठेवलंत तर डब्यातच वाफ धरते.

तांदूळ ठेवू नका. त्याची पिठूळ भुकटी लेन्सच्या खाचांत जाते आणि ओल फारशी शोषली जात नाही. डांबरगोळ्याही नकोत.

आणि लेन्स वापरत राहा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, झूम मागेपुढे फिरवा, दहा फोटो काढा. बोटांचे ठसे लगेच पुसा, बुरशीला खाद्य तेच मिळतं. एसी लोकलमधून किंवा एसी खोलीतून बाहेर येताना कॅमेरा लगेच पिशवीतून काढू नका. गार काचेवर दमट हवेचं दव धरतं. चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. दव धरलंच तर लेन्स मुळीच काढू नका, नाहीतर तेच सेन्सरवर बसेल.

सध्या कॅमेरा घेणं शक्य नाही. फोनवर शिकता येईल का?
*— बारावीचा विद्यार्थी, परळ*

येईल, आणि प्रकाश ओळखायला शिकण्यासाठी फोनच सर्वांत सोयीचा. खिशातल्या फोनच्या काचेवर बोटांचं तेल बसलेलं असतं, म्हणून आधी सुती कापडाने ती पुसा. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती पसरलेली आभा बहुतेकदा त्या तेलामुळेच येते. दोन बोटांनी झूम करू नका, त्याऐवजी पुढे जा. चेहऱ्याचा फोटो मात्र हातभर अंतरावरून घेऊ नका. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर मागे सरका आणि फोनला स्वतंत्र टेलिलेन्स असेल तर ती वापरा.

आकाश पांढरं पडत असेल तर ढगावर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश बांधला जातो. मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर पावसात प्रयोग करा. १/५०० सेकंदावर पागोळीचा थेंब थेंबच राहतो, १/३० वर त्याची रेघ होते. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितलेत की शटर म्हणजे काय ते समजतं.

दुपारचा प्रकाश कसा असतो तेही पाहून ठेवा. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस ते. अशा उन्हात उभ्या माणसाचे डोळे भुवयांच्या सावलीत काळे पडतात. त्याच माणसाला चाळीच्या गॅलरीत किंवा जिन्याच्या तोंडाशी, सावलीच्या आत पण कडेला, तोंड उजेडाकडे करून उभं करा. चेहरा एकसारखा उजळेल आणि डोळ्यांत उजेडाचा ठिपका येईल.

गणपतीत घरच्या आरतीचे फोटो काढले. फोटोत आडवे काळे पट्टे आले, मूर्तीची एक बाजू निळी, एक पिवळी. असं का?
*— गृहिणी, गिरगाव*

पट्टे मखरातल्या एलईडी माळांचे आहेत. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही. पण शटर १/५०० ठेवलंत तर त्याची फट सेन्सरवरून सरकताना फोटोच्या एका पट्ट्याला उजेड मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला पूर्ण लहर मिळते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अँटी फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडा. डिमर लावलेल्या किंवा रंग बदलणाऱ्या माळांची लय वेगळी असते, त्यांना हा उपाय नेहमी पुरत नाही. फोटोपुरत्या त्या बंद करा.

निळं-पिवळं होण्याचं कारण दोन जातींचा प्रकाश. छतावरची ट्यूब निळसर, समई आणि निरांजन केशरी. कॅमेरा एकालाच पांढरं मानू शकतो. ट्यूब बंद करा, पिवळ्या बल्बचा एक दिवा बाजूला ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (कुठल्या प्रकाशाला पांढरं मानायचं ती सेटिंग) ‘टंगस्टन’च्या, म्हणजे पिवळ्या बल्बच्या खुणेच्या, जरासा अलीकडे, ३५०० केल्विनच्या आसपास ठेवा. पूर्ण टंगस्टनवर गेलात तर समईची ऊब निघून जाते आणि शेंदूरही फिका दिसतो.

निरांजनाच्या ज्योतीचा गाभा पांढरा पडणारच, तो वाचवायला गेलात तर मूर्ती काळी होईल. जपायचा तो ज्योतीभोवतीचा केशरी काठ. त्यासाठी एक्स्पोजर एक स्टॉपने उतरवा (म्हणजे प्रकाश निम्मा करा) आणि ‘रॉ’ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये काढा. मूर्तीचा सावलीतला भाग मग संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उजळता येतो. फ्लॅश उडवू नका. १/१०० वर हलते हात पुसट येतात, म्हणून क्षण बघून बटण दाबा. टाळ वाजवणाऱ्याचे हात जास्तीत जास्त लांब जातात तिथे क्षणभर थांबून परत फिरतात. तेव्हा टाळाची कडही स्पष्ट येते.

वडिलांचा जुना झेनिट कॅमेरा आहे. त्याची ५८ एमएम हेलिओस लेन्स माझ्या निकॉन डी३३०० वर लावता येईल का?
*— अभियंता, ठाणे*

बसेल, पण दूरचा फोकस होणार नाही. ही लेन्स एम४२ म्हणजे ४२ मिमी आट्यांची. तिचा पाया फिल्मपासून ४५.४६ मिमीवर असावा लागतो. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे, म्हणजे लेन्स जोडणीच्या पातळ रिंगवरसुद्धा मिलिमीटरभर जास्त पुढे राहते. तेवढ्याने ५८ एमएमच्या लेन्सचा सर्वांत लांबचा फोकस तीन मीटरच्या आसपास अडकतो. मध्ये भिंग असलेली रिंग मिळते, पण त्या स्वस्तातल्या भिंगाने चित्र मऊ पडतं. शिवाय तुमच्या बॉडीवर अशा लेन्सला प्रकाशाचं मोजमापही मिळत नाही. एम मोडवर अंदाजाने ठेवून, स्क्रीनवर पाहून दुरुस्त करत जावं लागतं.

कॅननमध्ये हे अंतर ४४ मिमी आहे. दीड मिलिमीटरची साधी रिंग ती तूट बरोबर भरून काढते आणि अनंतापर्यंत फोकस होतो. एव्ही मोडवर मोजमापही चालतं. घरात कुणाकडे जुना कॅनन असेल तर त्यावर लावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) दहापट मोठं करून फोकस करा. लेन्स लावण्याआधी वर सांगितलेली टॉर्चची तपासणी जरूर करा. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या लेन्समध्ये बुरशी असण्याची शक्यता मोठी.

फ्लेमिंगोंसाठी मोठी लेन्स परवडत नाही. ५५-२५० एमएमवर काही हाती लागेल का?
*— एक वाचक, शिवडी*

लागेल, भरतीचं वेळापत्रक पाहिलंत तर. ओहोटीला पक्षी चिखलात पार लांब जातात, तिथे २५० एमएम काय, ४०० सुद्धा पुरत नाही. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. पूर्ण भरतीला उभं राहायला जागा उरत नाही आणि ते उडून जातात. म्हणून चढत्या भरतीत, पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जागेवर असा. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य समोर असतो आणि पक्षी काळ्या आकृत्या दिसतात. दुपारी तीननंतर सूर्य पाठीशी येतो आणि गुलाबी रंग खुलतो. चढती भरती आणि दुपारनंतरचा प्रकाश एकत्र येतील असा दिवस निवडा. ऐरोलीला वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीही नेतात. बोटीतून अंतर कमी होतं. फक्त शटर १/१००० च्या खाली आणू नका, बोट हलते. उडत्या थव्याला १/१६०० पासून वर.

एकच पक्षी चौकट भरून काढायचा हट्ट २५० एमएमवर धरू नका. थवा आणि त्यामागची धुराडी, गोदी, पूल हे सगळं एका चौकटीत घ्या. असा फोटो भरतपूरच्या पक्षी उद्यानात मिळत नाही.

ट्रायपॉड न घेता रात्रीची सीएसएमटी काढता येईल का?
*— आयटी कर्मचारी, ऐरोली*

येईल. अर्धा किलो राजमा जाड कापडाच्या पिशवीत सैलसर शिवून घ्या. ती पिशवी कठड्यावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यात दाबून बसवा, जागचा हलत नाही. महापालिका मुख्यालयासमोर बघायला केलेल्या जागेतून दर्शनी भाग समोरच येतो. सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि इमारतीचे दिवे लागलेले असतात. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर ओसरतो, उशिरा पोचलात तर आकाश काळं मिळेल. आयएसओ १००, एफ/८, एम मोडवर दोन सेकंदांपासून सुरुवात करा. लेन्सवरचं व्हीआर किंवा आयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद ठेवा. बटण बोटाने दाबताना कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. पुढून जाणाऱ्या बस-टॅक्सींच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर एफ/१६ करा आणि शटर आठ सेकंदांवर न्या. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची हिरवट प्रतिबिंबं उलटी होऊन आकाशात उमटतात.